विश्लेषण : कॉलेजचे दार खुले, पण जागा मोजक्या… अमेरिकेत एक्स-रे तंत्रज्ञ कसा घडतो?

डॉक्टर 'फोटो काढून आणा' म्हणतात, पाच मिनिटांत एक्स-रे निघतो आणि रुग्ण घरी जातो. तो काढणाऱ्याचे नाव कुणी विचारत नाही. बटण दाबण्याला असे कितीसे शिकायचे, असाही अनेकांचा समज असतो. अमेरिकेत मात्र त्या बटणापर्यंत पोहोचायला पदवी, रुग्णालयातला हजाराहून अधिक तासांचा सराव आणि देशपातळीवरची परीक्षा पार करावी लागते. या शिक्षणाचा मोठा भार तिथली कम्युनिटी कॉलेजे उचलतात. फी कमी, नोकरीची शक्यता चांगली, म्हणून अर्जही भरपूर येतात. तरीही अनेकांना पहिल्या वर्षी प्रवेश मिळत नाही. मिळाला, तरी पुढची दोन वर्षे निभावणे हीच मोठी परीक्षा ठरते.

कम्युनिटी कॉलेज म्हणजे आपले ज्युनिअर कॉलेज का?

नाही. आपले ज्युनिअर कॉलेज म्हणजे अकरावी-बारावी. अमेरिकेतले कम्युनिटी कॉलेज बारावीनंतर सुरू होते आणि प्रामुख्याने दोन वर्षांची 'असोसिएट' पदवी देते. सर्वांत जुने सार्वजनिक कम्युनिटी कॉलेज इलिनॉय राज्यातल्या जोलिएट गावात १९०१ मध्ये निघाले. स्थानिक करदात्यांच्या आणि राज्याच्या पैशांवर ही कॉलेजे चालतात. त्यामुळे त्याच भागात राहणाऱ्या विद्यार्थ्याला वर्षाची फी सरासरी चार हजार डॉलरच्या आसपास पडते. चार वर्षांच्या खासगी विद्यापीठांच्या तुलनेत ही रक्कम किरकोळच. कमी उत्पन्नाच्या घरातल्या विद्यार्थ्याला केंद्र सरकारचे 'पेल' अनुदान मिळाले, तर बऱ्याचदा फीचा प्रश्न सुटतो.

वर्गात अठरा वर्षांची मुले असतात, तशी दुकानात दहा वर्षे काम केलेली चाळिशीची माणसेही असतात. वयाची अट नाही. बारावीच्या टक्केवारीचा धाक नाही. कुणीही यावे आणि शिकावे, हेच या कॉलेजांचे ब्रीद.

एक्स-रेच्या अभ्यासक्रमाला मात्र ते लागू होत नाही.

दार खुले असताना जागा का नाहीत?

कॉलेजात प्रवेश मिळणे वेगळे आणि रेडिओग्राफीच्या तुकडीत निवड होणे वेगळे. आधी काही विषय पास व्हावे लागतात. शरीररचना व शरीरक्रियाशास्त्र, बीजगणित, इंग्रजी लेखन हे त्यातले नेहमीचे. त्यांतल्या गुणांवर निवड होते. काही कॉलेजे गुणांकन करतात, काही मुलाखत घेतात, काही चक्क प्रतीक्षायादी ठेवतात. बहुतेक ठिकाणी तुकडी वर्षातून एकदाच सुरू होते आणि तिच्यात वीस-तीस जणच असतात.

वर्गात बाके कमी आहेत म्हणून हे घडत नाही. अडचण रुग्णालयात आहे. या अभ्यासक्रमांना मान्यता देणारी शिकागोतली संस्था 'जेआरसीईआरटी' या नावाने ओळखली जाते. तिचा नियम असा, की रुग्णालयात एका कर्मचारी तंत्रज्ञामागे एकच विद्यार्थी असावा. कोणत्या रुग्णालयात किती विद्यार्थी पाठवायचे, हेही ठरलेले असते. म्हणजे आसपासच्या रुग्णालयांत सकाळच्या पाळीला जितके तंत्रज्ञ उपलब्ध, तितकेच विद्यार्थी कॉलेजला घेता येतात. नवी इमारत बांधून किंवा प्राध्यापक नेमून ही संख्या वाढत नाही. तंत्रज्ञांची टंचाई असलेल्या रुग्णालयात शिकवायला माणूस कमी, म्हणून नवे तंत्रज्ञही कमीच तयार होतात. हे चक्र तोडणे कॉलेजच्या हातात फारसे नसते.

आधीच्या विषयांना एखादे वर्ष जाते. मुख्य अभ्यासक्रम उन्हाळ्याच्या सत्रांसह जवळपास दोन वर्षे चालतो. जाहिरातीत 'दोन वर्षांची पदवी' असे लिहिलेले असते. प्रत्यक्षात अनेकांची तीन वर्षे जातात आणि प्रतीक्षायादी असेल तर त्याहून जास्त.

बटण दाबायला शिकायचे तरी काय?

छातीचा साधा एक्स-रे घ्या. रुग्णाला प्लेटकडे तोंड करून उभे करतात, हनुवटी वर, हात कमरेवर आणि खांदे पुढे. ही कवायत उगाच नसते. खांदे पुढे घेतले की पाठीवरची खांद्याची पाती फुप्फुसांच्या सावलीतून बाजूला सरकतात. हृदय छातीत पुढच्या बाजूला असते. त्यामुळे छाती प्लेटला टेकवली की त्याची सावली कमी फुगते. एक्स-रेची नळी ७२ इंच, म्हणजे सहा फूट लांब ठेवतात, तीही याच कारणाने. हाच फोटो खाटेवर झोपलेल्या रुग्णाचा समोरून आणि जवळून काढला, तर हृदय आहे त्यापेक्षा मोठे दिसते. फोटो कसा काढला याची नोंद नसेल, तर नसलेला आजार असल्याचा संशय येऊ शकतो.

मग श्वास. 'श्वास घ्या, सोडा, पुन्हा खोल घ्या आणि धरून ठेवा,' असे सांगतात. दुसऱ्या श्वासाला फुप्फुसे जास्त भरतात. फोटो बरोबर आला का, हे पाहताना विद्यार्थी मागच्या बाजूच्या बरगड्या मोजतो. पडद्याच्या स्नायूच्या वर दहा दिसल्या तर श्वास पुरेसा. कमी दिसल्या तर फुप्फुसांचा तळ दाटलेला दिसतो आणि तिथे न्यूमोनिया असल्याचा भास होऊ शकतो.

एका छातीच्या फोटोची ही तऱ्हा. मनगट, कोपर, खुबा, मानेचे मणके, कवटी, पोट अशा प्रत्येक भागाचे कोन आणि अंतर निराळे. पाठ करायचे म्हटले तर ते जमतेही. पण पुस्तकातला रुग्ण सरळ उभा राहतो. खऱ्या रुग्णाचा खुबा मोडलेला असतो, त्याला कुशीवर वळवता येत नाही, तो वेदनेने ओरडत असतो. अशा वेळी रुग्णाला न हलवता नळी आणि प्लेट त्याच्याभोवती कशी फिरवायची, ही खरी विद्या. ती वर्गात शिकवता येत नाही.

भौतिकशास्त्रही सुटत नाही. अंतर दुप्पट केले की किरणांची तीव्रता चौपट कमी होते, हा नियम परीक्षेपुरता नाही. वॉर्डात खाटेजवळ पोर्टेबल यंत्राने फोटो काढताना विद्यार्थी दोरीचे बटण हातात घेऊन सहा फूट मागे सरकतो, तो याच नियमाला धरून. व्होल्टेज १५ टक्के वाढवले तर किरणांचे प्रमाण दुप्पट केल्यासारखा परिणाम मिळतो, हा दुसरा नेहमीचा आडाखा. जाड रुग्ण, कृश रुग्ण, प्लास्टर घातलेला पाय… प्रत्येक वेळी हा हिशेब मनातल्या मनात करावा लागतो.

पूर्वी फिल्मच चूक दाखवून द्यायची. किरण जास्त झाले की ती काळी पडे. आता संगणक चित्र सावरून घेतो. गरजेपेक्षा जास्त मात्रा दिली तरी फोटो छानच दिसतो, उलट अधिक स्वच्छ. त्यामुळे हळूहळू मात्रा वाढवत नेण्याची सवय लागते आणि रुग्णाला ते कळतही नाही. म्हणून चित्रासोबत येणारा मात्रेचा आकडा वाचायला विद्यार्थ्याला पहिल्या सत्रापासून शिकवतात. तंत्र सोपे झाले तशी नजर अधिक कडक ठेवावी लागली, हा या क्षेत्रातला विरोधाभास.

शिकवलेले बदलतेही. पोटाचा किंवा खुब्याचा फोटो काढताना जननेंद्रियांवर शिशाचे झाकण ठेवणे हा अनेक दशके पहिला धडा होता. अमेरिकेतल्या वैद्यकीय भौतिकशास्त्रज्ञांच्या संघटनेने २०१९ मध्ये ही सरसकट प्रथा थांबवावी, अशी भूमिका घेतली. २०२१ मध्ये किरणसुरक्षेच्या राष्ट्रीय परिषदेनेही तेच सांगितले. आताच्या यंत्रांत मात्रा पूर्वीपेक्षा खूप कमी असते. झाकण सरकले तर नेमका हवा तो भाग झाकला जातो आणि फोटो पुन्हा काढावा लागतो. यंत्र आपोआप मात्रा ठरवत असेल, तर झाकणामुळे ती वाढूही शकते. पण रुग्णाला, विशेषतः लहान मुलाच्या आईला, 'झाकण का नाही?' हा प्रश्न पडतोच. त्याचे शांतपणे उत्तर देणे हाही आता अभ्यासाचा भाग झाला आहे.

रुग्णालयात विद्यार्थ्याला किती मोकळीक?

सुरुवातीला अजिबात नाही. एखाद्या तपासणीत विद्यार्थी 'सक्षम' ठरेपर्यंत पात्र तंत्रज्ञ शेजारी उभा राहिलाच पाहिजे. सक्षम ठरल्यावर तो जवळपास असला तरी चालते. मात्र फोटो बिघडला आणि पुन्हा काढायचा असेल, तर विद्यार्थी कितीही पुढे गेलेला असो, तंत्रज्ञाने खोलीत यायलाच हवे. कारण साधे आहे. दुसरा फोटो म्हणजे रुग्णाला दुसऱ्यांदा किरण, आणि शिकणाऱ्याच्या चुकीची किंमत रुग्णाने दोनदा मोजायची नाही.

फोटो काढताना विद्यार्थ्याने प्लेट हातात धरायची नाही, हाही नियम. सक्षमतेची यादी परीक्षा घेणारी संस्था ठरवते. रक्तदाब मोजणे, शिरेत सुई घालणे, रुग्णाला खाटेवरून हलवणे अशा रुग्णसेवेच्या १० बाबी, ३६ अनिवार्य तपासण्या आणि ऐच्छिक यादीतल्या १५ असा तिचा आवाका आहे. प्रत्येकीवर सही घ्यावी लागते. एखादी दुर्मीळ तपासणी पाळीत आलीच नाही, तर विद्यार्थी तिच्यासाठी आठवडेच्या आठवडे टपून बसतो. अपघात विभागातून 'मानेचा फोटो' असा निरोप आला की दोन विद्यार्थी एकाच वेळी उठतात, यात नवल नाही.

प्रत्येक विद्यार्थ्याकडे शिशाची 'डावा' आणि 'उजवा' अशी छोटी अक्षरे असतात आणि त्यांवर त्याची आद्याक्षरे. ती फोटोत उमटतात. उजव्या गुडघ्याऐवजी डाव्यावर शस्त्रक्रिया होऊ नये, हा त्यामागचा हेतू. फोटो कुणी काढला हेही त्यातून कायमचे नोंदले जाते.

आणखी एक गोष्ट शिकणे जड जाते ती म्हणजे गप्प राहणे. 'हाड मोडलेय का हो?' असे रुग्ण हमखास विचारतो. पडद्यावर मोडलेले हाड विद्यार्थ्यालाही दिसत असते. पण निदान सांगणे हे रेडिओलॉजिस्ट डॉक्टरचे काम. तंत्रज्ञाने ते सांगायचे नाही आणि चेहऱ्यावरही दिसू द्यायचे नाही.

स्वतःच्या सुरक्षेचे काय?

विद्यार्थ्याच्या कॉलरवर, शिशाच्या एप्रनच्या बाहेर, किरणांची मात्रा मोजणारा बिल्ला असतो. भारतात असा बिल्ला एप्रनच्या आत छातीवर लावण्याची पद्धत आहे. अमेरिकेत व्यावसायिकांसाठी वर्षाला ५० मिलिसिव्हर्टची मर्यादा आहे. भारतातली मर्यादा त्याहून कडक, म्हणजे पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० आणि कोणत्याही एका वर्षात ३०. नीट काम करणाऱ्याची प्रत्यक्ष मात्रा या आकड्यांच्या खूप खाली राहते.

या क्षेत्रात स्त्रिया मोठ्या संख्येने आहेत. अभ्यासक्रमाच्या काळात दिवस गेले, तर ते कॉलेजला कळवायचे की नाही हा पूर्णपणे त्या विद्यार्थिनीचा निर्णय असतो. तिने लेखी कळवले, तर गर्भासाठीची वेगळी, कमी मर्यादा लागू होते. कळवल्यानंतरही काहीही बदल न करता शिक्षण चालू ठेवण्याचा आणि कळवलेले मागे घेण्याचा हक्क तिला आहे. 'काळजीपोटी' तिला परस्पर घरी बसवता येत नाही.

पैसा कुठे अडतो?

फीमध्ये फारसा अडत नाही, पोटापाण्यात अडतो. रुग्णालयातल्या तासांचा साधारणपणे पगार मिळत नाही. वर्ग आणि रुग्णालय मिळून आठवड्याला ४० तासांपेक्षा जास्त वेळ विद्यार्थ्यावर लादता येत नाही, हा नियम त्याच्या बाजूचा आहे. पण ४० तास म्हणजे पूर्ण वेळ नोकरीच. घरभाडे, मुलांचे पाळणाघर, गाडीचे पेट्रोल यांसाठी रात्री किंवा शनिवार-रविवारी दुसरे काम करावे लागते. रुग्णालय कॉलेजपासून तासभराच्या अंतरावर असू शकते आणि सकाळची पाळी सातच्या सुमारास सुरू होते. लसीकरण, गुन्हेगारी नोंदींची तपासणी, अमली पदार्थांची चाचणी, गणवेश, बूट हा खर्च वेगळा.

त्यात एखादा विषय राहिला, तर तो पुन्हा वर्षाने येतो, कारण तुकडी वर्षातून एकदाच असते. भौतिकशास्त्रात थोडक्यात नापास झालेल्याला पुढच्या तुकडीत जागा रिकामी होण्याची वाट पाहावी लागते. गरीब घरातल्या विद्यार्थ्यासाठी स्वस्त शिक्षण उभे केले आणि ते पुरे करायला मात्र घरात दुसऱ्या कुणाची तरी कमाई लागते, ही या व्यवस्थेतली खरी त्रुटी म्हणावी लागेल. गळती होते ती बऱ्याचदा इथे. त्या विद्यार्थ्याला अभ्यास झेपत नव्हता, असे दर वेळी नसते.

परीक्षा आणि परवाना

'अमेरिकन रजिस्ट्री ऑफ रेडिओलॉजिक टेक्नॉलॉजिस्ट्स' अर्थात 'एआरआरटी' ही संस्था १९२२ पासून प्रमाणपत्र देते. १ जानेवारी २०१५ पासून तिने किमान असोसिएट पदवीची अट घातली. परीक्षेत गुण धरले जाणारे २०० प्रश्न असतात. रुग्णसेवा, सुरक्षा, प्रतिमानिर्मिती आणि तपासण्या असे त्याचे चार भाग. उत्तीर्ण होण्यासाठी ७५ चा आकडा लागतो. तो टक्क्यांचा नाही. प्रश्नपत्रिकेच्या काठिण्यानुसार गुण एका समान मापावर आणले जातात. तीन वर्षांत तीनच संधी मिळतात. त्यांतही जमले नाही, तर पुन्हा शिक्षणापासून सुरुवात.

ज्याच्या नावावर जुना गुन्हा आहे त्याला प्रवेश घेण्याआधीच या संस्थेकडून आपल्या पात्रतेची तपासणी करून घेता येते. दोन वर्षे घालवून शेवटी नकार मिळण्यापेक्षा हे बरे. प्रमाणपत्राखेरीज अनेक राज्यांत वेगळा परवानाही लागतो. प्रमाणपत्र टिकवायला दर दोन वर्षांनी २४ श्रेयांकांचे शिक्षण घ्यावे लागते.

आणि पगार?

अमेरिकेच्या कामगार सांख्यिकी विभागाच्या मे २०२४ च्या आकडेवारीनुसार या तंत्रज्ञांचे मध्यम वार्षिक वेतन सुमारे ७७ हजार ६०० डॉलर होते. म्हणजे निम्म्यांना त्याहून जास्त आणि निम्म्यांना कमी. एमआरआय तंत्रज्ञांचे ८८ हजारांच्या वर. एक्स-रेचे प्रमाणपत्र हातात आल्यावर सीटी, मॅमोग्राफी किंवा एमआरआयकडे वळता येते, आणि अनेक जण नोकरी करता करता ते करतात. दोन वर्षांच्या पदवीवर एवढे वेतन देणारी क्षेत्रे थोडी आहेत. अर्जांची गर्दी होते ती यामुळे.

कॉलेज निवडताना काय पाहावे?

'जेआरसीईआरटी'ची मान्यता असलेल्या प्रत्येक अभ्यासक्रमाला काही आकडे जाहीर करावे लागतात. पदवीनंतर सहा महिन्यांत, पहिल्याच प्रयत्नात किती जण परीक्षा पास झाले आणि वर्षभरात किती जणांना नोकरी मिळाली, यांची पाच वर्षांची सरासरी त्यात असते. दोन्हींसाठी किमान अपेक्षा ७५ टक्के. तिसरा आकडा अभ्यासक्रम पुरा करणाऱ्यांचा. तो सर्वांत आधी पाहावा. शंभर टक्के निकालाची जाहिरात करणाऱ्या ठिकाणी तुकडीतले निम्मेच शेवटपर्यंत टिकले असतील, तर त्या निकालाचा अर्थ बदलतो.

महाराष्ट्रातल्या तंत्रज्ञाला तिथे थेट काम मिळते का?

सहसा नाही. 'एआरआरटी'च्या परीक्षेला बसायचे तर तिने मान्य केलेलाच अभ्यासक्रम लागतो. इथली पदविका किंवा मोठ्या रुग्णालयातला दहा वर्षांचा अनुभव दाखवून परीक्षेला बसता येत नाही. आधीच्या शिक्षणातले काही विषय धरायचे की नाही, हे ते ते कॉलेज ठरवते.

एच-४ व्हिसावर गेलेल्या जोडीदारांना शिकण्याची मुभा आहे. एडिसनमधले मिडलसेक्स कॉलेज किंवा कॅलिफोर्नियातले फूटहिल कॉलेज अशा, भारतीय वस्ती दाट असलेल्या भागांतल्या कम्युनिटी कॉलेजांत हा अभ्यासक्रम आहे. पण शिकायची परवानगी आणि नोकरीची परवानगी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एच-४ वर काम करण्याचा परवाना सरसकट मिळत नाही. एच-१बी व्हिसाला सामान्यतः चार वर्षांची पदवी आवश्यक असलेले पद लागते, आणि या पदाला असोसिएट पदवी पुरते. त्यामुळे अर्ज भरण्याआधी कॉलेजच्या प्रवेश कार्यालयाइतकेच व्हिसाच्या वकिलाशीही बोलणे गरजेचे ठरते.

भारतातही या व्यवसायाची घडी बसवण्याचा प्रयत्न सुरू आहे. २०२१ च्या संलग्न व आरोग्यसेवा व्यवसाय आयोग कायद्यात रेडिओलॉजी आणि इमेजिंग तंत्रज्ञांचा स्वतंत्र गट आहे. शिक्षणाचे किमान निकष आणि व्यावसायिकांची नोंदणी त्या कायद्याखाली येते. एका तंत्रज्ञामागे एक विद्यार्थी, फोटो पुन्हा काढताना तंत्रज्ञ खोलीत हजर, असे नियम गर्दीच्या सरकारी रुग्णालयांत पाळायचे, तर तिथे आधी तंत्रज्ञांची रिकामी पदे भरावी लागतील.